आर्डिसचा आकडा

१२ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे ॲरिझोनाच्या वाळवंटात. कॅलिफोर्नियातला तो जुना काँक्रीटचा रस्ता ज्याने बांधला, त्याला त्याच रस्त्यावरून उघड्या पाठीने फरपटत न्यायला हवं. दर थोड्या फुटांवर सांधा आणि दर सांध्याला दणका. ट्रकचं नाक वर, ट्रेलर खाली. ट्रेलर वर, नाक खाली. सबंध सकाळ हेच.

घर विकून आम्ही या ट्रेलरमध्ये राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली. आठ टनांचं धूड आहे. त्याची मान ट्रकच्या पाठीवर, मागच्या चाकांच्या बरोबर वर टेकलेली असते, आणि त्या मानेतच आमची झोपायची खोली. म्हणजे ट्रकला बसलेला हिसका सगळ्यात आधी पलंगाला मिळतो. पलंगावर आर्डिस.

ती ऑक्टोबरात ट्रेलरच्या पायरीवरून पडली आणि मणका दबला. पायरी सैल होती हे खरं, मी ती आवळणारही होतो. पण उतरणाऱ्याने खाली बघायला काय होतं? तेव्हापासून तिला ट्रकमध्ये तासन् तास बसवत नाही, म्हणून मागे झोपवून नेतो. माणसाला ट्रेलरमध्ये ठेवून न्यावं की नाही, याचा प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. मी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

हिवाळा काढायला आलेल्या ट्रेलरवाल्यांच्या छावणीत शिरून दार उघडलं तर बाईसाहेब रडत होत्या. तिच्या आईचं निळं भांडं फुटलं होतं. मला वाटलं त्यासाठी रडतेय, म्हणून म्हटलं, "अगं, भांडंच आहे."

"भांड्यासाठी नाही रडत, थर्मन," ती म्हणाली. मग कशासाठी ते काही सांगेना. बायकांचं हे असं.

१३ फेब्रुवारी

सकाळी पॅनकेक खाता खाता तिने बॉम्ब टाकला. म्हणे, "अलास्काला मी येणार नाही. मला लूएलाकडे सोड."

लूएला म्हणजे हिची बहीण, नेब्रास्कात असते. घर तळमजल्यावर, रिकामी खोली, तीन मांजरं आणि त्या तिघांचा वास. मी म्हटलं, "चाळीस वर्षं अलास्काचं स्वप्न बघतोय मी."

"तू बघतोयस. मी झोपून नुसतं छत बघते. तिकडचे रस्ते बर्फाने फुगतात आणि खचतात, तूच सांगितलंस. माझी पाठ नाही टिकणार."

आता मी काही राक्षस नाही. बायकोला त्रास होतो तर तो दूर केला पाहिजे, एवढं मला कळतं. पण त्रास मोजल्याशिवाय दूर कसा करणार? उभा जन्म विमा कंपनीत दावे तपासण्यात गेला माझा. पाठ दुखते म्हणणारे ढिगाने पाहिलेत, कमरेला पट्टा बांधून येतात आणि बाहेर पडले की पट्टा काढून गोल्फ खेळतात.

तेव्हा मी करार मांडला. गाडीची चाल मी सुधारणार. पलंगाशेजारी पाण्याने भरलेला पेला ठेवायचा, आणि हिने वॉकीटॉकीवर प्रत्येक दणक्याला एक ते दहामधला आकडा सांगायचा. ज्या दिवशी सबंध प्रवासात हिच्या तोंडून एक अक्षर निघणार नाही, त्या दिवशी मी जिंकलो आणि आपण अलास्काला.

"आणि नाही जमलं तर लूएलाकडे?" तिने विचारलं.

"जमणारच," मी म्हटलं.

१६ फेब्रुवारी

पहिली चाचणी. आधी टायरमधली हवा बघितली. गेली दोन वर्षं मी टायरवर लिहिलेली कमाल हवा ठासून भरत होतो. वजनाच्या मानाने ती जास्त होती, तेवढी उतरवली. ट्रेलरच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्या असतात, त्यांच्या सांध्यांत ग्रीस भरलं. मग नदीकाठच्या गावापर्यंत जाऊन आलो.

रेल्वेच्या रुळांवर वॉकीटॉकीतून आवाज आला, "आठ." पुलाच्या तोंडाशी, "आठ." गावातल्या गतिरोधकाला, "नऊ, थर्मन, हळू रे बाबा!"

वहीत मी पाच, पाच आणि सहा लिहिले. आठ म्हणणाऱ्याचं दुखणं पाचाचं असतं, हा माझा नोकरीतला अनुभव. तीन वजा करायचे. हे तिला सांगितलं तर तिने विचारलं,

"मी तुझ्याकडे दावा लावलाय का?"

मी म्हटलं, "शास्त्र आहे ते, मनाला लावून घेऊ नकोस."

पेल्यातलं पाणी अर्धं सांडलं होतं. तो पुरावा मी मानतो. पेला खोटं बोलत नाही.

२१ फेब्रुवारी

ट्रकच्या मागच्या पाट्यांवर हवेचे फुगे बसवून घेतले. ट्रेलर जोडला की ट्रकचा मागचा भाग पार खाली बसायचा, पाट्यांना हलायला जागाच उरायची नाही. आता फुगे टम्म, गाडी ताठ. सोबतच्या कागदावर बारीक अक्षरात पुष्कळ लिहिलंय, वजनाप्रमाणे हवा कमीजास्त करा वगैरे. मी एकदाच भरपूर भरली आणि विषय संपवला.

दुपारी चाचणी, आणि तिचं उत्तर काय? "काय की. दुखण्याची गोळी घेतलीय, गुंगी आलीय."

असा संताप आला! दिवसभर मी गाडीखाली लोळून हात सोलवटून घ्यायचे आणि हिने गोळी खाऊन चाचणीची माती करायची. मी समजावून सांगितलं की गोळी घेतली की आकडा खोटा येतो. चाचणीच्या दिवशी सकाळपासून गोळी बंद. डबी मी ट्रकमध्ये माझ्याजवळ ठेवली, चाचणी झाली की देतो. मी काही कायमची काढून नाही घेतलेली.

हे नेमकं ओपलने ऐकलं. ओपल म्हणजे शेजारीण, लाल रंगाच्या लांबड्या व्हॅनमध्ये एकटी राहते. नवरा मेलाय. तिची जीभ ऐकली की वाटतं, सुटला बिचारा.

"थर्मन, तू गाडी दुरुस्त करतोयस का बाई मोडतोयस?"

"हा आमचा नवराबायकोचा मामला आहे."

"अरे, मग तिला माझ्या व्हॅनमध्ये मागे आडवी करू, गादी आहे. तू तुझा ट्रेलर रिकामा ने, पाहिजे तेवढा आदळ!"

मी हसलोच. "आणि ती तुझ्या गाडीत बसली तर माझ्या गाडीची चाल सांगणार कोण?"

 ओपल आर्डिसकडे बघत राहिली, आर्डिस तिच्याकडे. बायकांना तर्काने गप्प केलं की त्या अशाच एकमेकींकडे बघतात.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट गेला. लिहायला नको वाटतंय, पण वही ठेवायची तर खरी ठेवावी.

अलास्काचा रस्ता डांबरी नसला तर काय, म्हणून जुन्या खाणीकडच्या कच्च्या वाटेवर चाचणी घ्यायचं ठरवलं. त्या वाटेवर लाटा आहेत, कपडे धुवायच्या फळीसारख्या. आर्डिस पलंगावरून घसरते म्हणून सामान बांधायचे दोन पट्टे घेतले आणि तिला मऊ घोंगडीवरून नीट बांधलं. मऊ घोंगडीवरून, हे मुद्दाम लिहितो.

दोन मैल गेलो. तिचा आवाज आला, "बारा."

मी म्हटलं, "बारा नसतात. एक ते दहा ठरलंय आपलं."

"बारा, थर्मन. थांब. बारा."

आता हिने नियमच पाळायचे नाहीत म्हटल्यावर मी आकडा घेऊ कसा? पुढे गाडी वळवायला जागा होती तिथपर्यंत गेलो, मग थांबलो. दार उघडलं तर पट्ट्यांत अडकलेली, तोंड एका बाजूला, उशीवर ओकलेली. पण गंमत बघा, पेला जवळजवळ भरलेला! खुशीत मी म्हणून गेलो, "आर्डिस, पाणी सांडलं नाही!"

"पाणी नाही सांडलं," ती म्हणाली. "मी सांडले."

पट्टे सोडताना कडी दोनदा उलट्या बाजूला ओढली. वय झालं. परतताना ताशी दहा मैलांच्या वेगाने आणली गाडी, आणि गोळी मी स्वतः होऊन दिली, एक नाही, दोन. तिने घेतल्या. आभार वगैरे काही नाही.

२८ फेब्रुवारी

 आर्डिसने राजम्याची चिली केली होती, मिठाचा पत्ता नाही. मी चुपचाप खाल्ली.

२ मार्च

अखेर मर्म सापडलं! दोष फुग्यांचा नव्हे, वजनाचा. झोपायच्या खोलीतलं पुढचं सबंध कपाट आर्डिसच्या सामानाने ठासलेलं आहे. शिलाईचं यंत्र, गोधड्यांच्या कापडाचे गठ्ठे, बिडाचे तवे, पुस्तकं. आणि हे सगळं बरोबर ट्रकच्या मानगुटीवर! मी सांगून टाकलं, अलास्काला जायचं तर हे कपाट रिकामं झालं पाहिजे.

वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. त्या शिलाईयंत्रावरून घर विकताना आठवडाभर भांडली होती.

तर तिने नुसतं विचारलं, "सगळं?"

"सगळं."

"आणि तुझ्या हत्यारांच्या पेट्या?"

"त्या मागे आहेत. मागच्या वजनाने ट्रकवर भार येत नाही."

"बरं," ती म्हणाली. बरं! लग्न झाल्यापासून हा शब्द मी किती वेळा ऐकला असेल, एका हाताची बोटं पुरतील. "ओपल चर्चच्या धर्मादाय विक्रीला देईल नेऊन," म्हणाली. "मला उचलवत नाही, तीच येईल रोज थोडंथोडं न्यायला."

मी म्हटलं, मी देतो उचलून. शिलाईयंत्र मी स्वतः ओपलच्या व्हॅनमध्ये नेऊन ठेवलं. माणसाने मन मोठं ठेवावं.

९ मार्च

कपाट निम्मं रिकामं. ट्रकचा मागचा भाग चांगला दोन बोटं वर आलाय. चाचणीत आर्डिसने आकडा दिला, चार. मी काही वजा न करता चारच लिहिला, कारण आता तिला मोजायची शिस्त आली आहे.

तिच्यात फरक पडलाय खरा. पूर्वीसारखं "हळू रे, थांब रे" नाही. आकडा विचारला की आकडा. परवा तर आपण होऊन म्हणाली, "गोळ्यांची डबी राहू दे तुझ्याकडेच. मला लागत नाही." ओपलच्या पर्समधून गोळ्यांचा खुळखुळाट येत होता ते ऐकून मला हसू आलं. एवढी जाडजूड बाई, तिचीही पाठ गेली वाटतं.

१७ मार्च

नवा जोड आला. ट्रेलरच्या मानेशी बसतो, त्यात हवेची उशी असते. ट्रकचे हिसके तिथल्या तिथे गिळायचे, असं त्याचं काम. बसवायला दिवस मोडला, पाठ माझीही भरून आली, पण मी काही आकडे सांगत नाही सुटलो.

चाचणीत रुळांवर, "तीन." पुलाशी, "दोन."

दोन! मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ट्रकमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या. मागे जाऊन तिला म्हटलं, "बघ, मी म्हणत नव्हतो?" तिचा चेहरा पांढराफटक होता, वरचा ओठ घामाने ओला. उन्हं वाढलीत आता. छावणीही रिकामी व्हायला लागली आहे, सगळे उत्तरेला निघाले.

कपाटात आता एक कोट लटकतोय फक्त.

२७ मार्च

उद्या निघायचं. आर्डिसने आज स्वतःहून करार काढला. म्हणाली, "शेवटची चाचणी उद्याच धर. मी एक अक्षर बोलले नाही तर तू जिंकलास."

"कबूल!"

"पण मध्ये थांबून दार उघडून बघायचं नाही. विचारायचं नाही. नाहीतर मी आपणहून गप्प राहिले असं म्हणता येणार नाही."

बघा! इतकी वर्षं दावे तपासणाऱ्याबरोबर संसार केला तेव्हा कुठे बाई पुराव्याची भाषा शिकली. खरंच ऊर भरून आला. संध्याकाळी तिने माझ्या आवडीचा पीचचा पाय केला, पारीत फळं भरून भट्टीत भाजतात तो गोड पदार्थ. इतका वेळ उभं राहून केला, कट्ट्याला धरून धरून. मी म्हटलं, कशाला एवढं? तर म्हणाली, "तुला आवडतो म्हणून. आणि माझं देणं मी ठेवत नाही."

कोणतं देणं, कुणास ठाऊक.

२८ मार्च

ट्रकमध्ये बसूनच लिहितोय. लास व्हेगासच्या अलीकडचा तळ. ट्रेलरचं दार अजून उघडलेलं नाही. आधी हे लिहून काढतो, मग उघडतो. असा क्षण पुन्हा येत नाही.

सकाळी मी जोड, दिवे, ब्रेक सगळं तपासलं. आर्डिस ट्रेलरच्या दारात कोट घालून उभी. एवढ्या उन्हात कोट! मी पायरी दुमडायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, पायरी मी ओढून घेते. तू जा, बस. दारही मीच लावते."

"पट्टे बांधू?"

"नको. आता नको." मग खाली बघून म्हणाली, "थर्मन, ही पायरी अजून सैलच आहे हं."

"अलास्कात आवळतो," मी म्हटलं.

ट्रकमध्ये बसलो, इंजिन सुरू केलं, मागे दार लागल्याचा आवाज आला. पायरी आत गेल्याचाही. निघालो. ओपलची व्हॅन आमच्या मागेच उभी होती, इंजिन चालू, पण ती काही निरोपाला उतरली नाही. असले शेजार.

आणि मग काय सांगू! सबंध वाट वॉकीटॉकी गप्प. रूळ आले, मी कान टवकारले, आवाज नाही. पूल आला, नाही. एके ठिकाणी रस्ता खणलेला होता, माझेच दात वाजले, मागून हूं की चूं नाही. डिझेल भरायला थांबलो तेव्हा वाटलं जाऊन बघावं, दाराशी गेलोही. पण शब्द म्हणजे शब्द. परत फिरलो. पुढे तर मी मोठमोठ्याने गायला लागलो.

कुणी मला निर्दयी म्हटलं असेल, ओपलने तर तोंडावर म्हटलं. पण शेवटी बायकोला फुलासारखं झेलून आणलं कुणी? आता उघडतो दार. पीचचा पाय शिल्लक आहे, दोघं मिळून खाऊ.

२९ मार्च

पलंगाची चादर ताणून घातलेली. पट्टे गुंडाळून उशीवर, शेजारी वॉकीटॉकी, बंद केलेला. पेला धुऊन पालथा घातलेला. कपाटात एक हँगर.

आधी वाटलं पडली वाटेत. खरंच वाटलं. ट्रेलरखाली वाकूनसुद्धा बघितलं. मग पालथा पेला पुन्हा दिसला, आणि पडणारं माणूस पेला धुऊन जात नाही हे ध्यानात आलं.

लूएलाला फोन लावला. तिने पहिल्या घंटेला उचलला, जणू हातातच धरून बसली होती.

"ती येतेय. ओपलच्या व्हॅनमध्ये, गादीवर, गोळी घेऊन. तिचं शिलाईयंत्रही येतंय. तू येऊ नकोस."

"अगं, पण करार..."

"थांब, तिने एक विचारायला सांगितलंय तुला," लूएला म्हणाली. "पाणी सांडलं का?"

आणि फोन ठेवला. मी उभ्या उभ्या सगळा पीचचा पाय खाल्ला आणि नंतर ओकलो.

३१ मार्च

दोन दिवस कुठे हललो नाही. आज सुचलं, निदान चाल कशी झालीय ते तरी बघावं. एवढी मेहनत केली ती वाया कशाला? तळावर गॅरेट नावाचा तगडा गडी आहे, त्याला म्हटलं, माझी गाडी दोन मैल हाक, मी मागे झोपतो. त्याने वेड्यात काढलं, पण हाकली. मी तिच्या जागेवर झोपलो. घसरू नये म्हणून पट्टेही बांधून घेतले.

पहिल्याच खड्ड्याला पलंगाने मला वर फेकलं आणि पट्ट्यांनी खाली आपटलं. जीभ चावली गेली. दुसऱ्याला कमरेत अशी कळ शिरली की डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि माझा तर मणका धड आहे. मी वॉकीटॉकीत ओरडलो, "नऊ! अरे नऊ! थांब!"

गॅरेट हसायला लागला. "म्हातारबा, रस्ता तर लोण्यासारखा आहे! नऊ कसले, पाच-सहा म्हणा फार तर."

तो थांबला नाही. वळायला जागा मिळेपर्यंत गेला.

उतरल्यावर तासभर पायरीवर बसलो. मग फुग्यांबरोबरचा तो कागद काढून वाचला. भार कमी झाला तर हवा उतरवा, नाहीतर गाडी दगडावर बसवल्यासारखी आदळेल. मी हवा भरली ती भरल्या कपाटाच्या हिशोबाने, आणि नंतर उतरवलीच नाही. म्हणजे कपाट रिकामं होत गेलं तसा पलंग जास्तच आदळत गेला. त्याच दिवसांत ती म्हणाली चार, मग तीन, मग दोन.

खोटं बोलली. आर्डिस, जी दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुट्टे परत करायला अर्धं गाव चालत जायची. आणि ती खोटं बोलायला शिकली मार्चमध्ये. म्हणजे फेब्रुवारीत आठ म्हणाली तेव्हा ते आठ होते. खाणीच्या वाटेवर बारा होते.

उठलो आणि फुग्यांतली हवा उतरवली. झडप दाबून धरायची, बस्स, एक मिनिटाचं काम. गॅरेटच्या हातापाया पडून त्याला पुन्हा हाकायला लावली, आणि मी पुन्हा तिथेच झोपलो. तीन. एकाच ठिकाणी चार, बाकी सगळे तीन. खरे तीन, वजा न केलेले.

हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. लूएलाकडे फोन लावला. बराच वेळ वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद होता.